गणपतीला घरात १९ माणसं आणि नातवाला बोलता येत नाही. घरच्यांना काय सांगू?

निवृत्त वाहक
नमस्कार मंडळी. मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो, रत्नागिरी डेपो. आता संगमेश्वर तालुक्यात गावी असतो, मी आणि आमची ही. मोबाइलवर टायपिंग नातीने शिकवलंय, चुका पोटात घाला.

प्रश्न नातवाचा आहे. घरात त्याला दादू म्हणतो, वय साडेसहा. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी कावीळ फार वाढली. रक्त बदललं, पण तोवर मेंदूला जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. सेरेब्रल पाल्सी. हातपाय हलतात, पण ते त्यांच्या मनाने, दादूच्या मनाने नाही. मान फार वेळ टिकत नाही. तोंडातून आवाज येतो, शब्द येत नाही. त्या आवाजातलं थोडंफार त्याच्या आईला कळतं, बाकी कुणाला नाही. समजतं मात्र सगळं. 'उद्या मुंबईचा काका येणार' असं मी माजघरात आजीला हळू सांगितलं तरी हा ओटीवर हसायला लागतो.

मुलगा-सून पुण्याला असतात. मे महिन्यात सगळे गावी होते. एका दुपारी वळवाचा पाऊस आला आणि दादू दाराकडे बघून ओरडायला लागला. कुणी पाणी पाजलं. कुणी बिस्कीट भिजवून दिलं. सुनेने चड्डी बदलली. माझी थोरली लेक, म्हणजे त्याची मोठी आत्या, कडेवर घेऊन खिडकीशी गेली, 'पाऊस बघायचाय होय माझ्या राजाला?' तो आणखी ताठ झाला. मी म्हटलं, लाडावलाय, हट्टी झालाय. पाऊण तास हे चाललं. शेवटी रडून रडून झोपला.

संध्याकाळी खळ्यात गेलो. पायाचे ते मापाने करून घेतात ते पट्ट्यांचे प्लॅस्टिकचे बूट, आदल्याच आठवड्यात नवे आणलेले, तुळशीच्या कट्ट्यावर राहिलेले. आतला फोम भिजून लगदा. पोरगं पाऊण तास तेच सांगत होतं आणि आम्ही त्याच्या तोंडात बिस्किटं कोंबत होतो. 'हट्टी' म्हणणारा मीच.

आता गणपतीला १८ दिवस राहिलेत. घरात १९ माणसं होतील. दरवर्षी काय होतं ते सांगतो. कुणी त्याच्याशी ओरडून बोलतं, जणू बहिरा आहे. कुणी त्याच्यासमोरच सुनेला विचारतं, 'त्याला भूक लागली का गं?' गावातल्या बायका येऊन 'बिचारा' म्हणून डोळ्याला पदर लावतात. चुलत भावंडं पहिला दिवस त्याच्याभोवती, दुसऱ्या दिवसापासून व्हाळावर. आणि मोठी आत्या. जीव लावते त्याला, खरंच लावते, पण त्याच्या वतीने सगळं तीच बोलते. तिला काही म्हटलं की फुगते.

माणसं वाईट नाहीत. त्यांना काय सांगायचं आणि कसं, ते मला कळत नाही. दुसरं म्हणजे पुण्याला थेरपी इंग्रजीत चालते, त्याला 'येस-नो' शिकवलंय. मी 'होय-नाय' म्हणतो. पोराचा गोंधळ होईल का? मी गप्प बसू का?

हापूसप्रेमी
काका, एवढी काळजी नको. मुलगे उशिराच बोलतात. आमच्या चुलत्यांचा मुलगा पाच वर्षांचा होईतो एक अक्षर बोलला नव्हता, आज वकील आहे, थांबवावा लागतो. पोपटाने उष्टावलेला पेरू खायला द्या आणि वेखंड मधात उगाळून जिभेवर चोळा. जीभ हलकी होते.

निवृत्त वाहक
पेरू देऊन झाला. पोपट शेजाऱ्यांचा होता, तो अजून 'विठू विठू'च्या पुढे गेलेला नाही, तर दादूला काय शिकवणार? वेखंड देणार नाही. त्याला गिळताना ठसका लागतो. चाटण श्वासात जाईल म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. तुम्ही आपुलकीने लिहिलंत हे कळतं, राग नाही.

अनघाची आई, नाशिक
काका, माझी मुलगी १० वर्षांची आहे, डाउन सिंड्रोम. बोलते, पण बाहेरच्याला दहातले दोन शब्द कळतात. काही खुणा, काही शब्द असं चालतं.

आधी माझी गंमत ऐका. थेरपिस्टने आम्हा दोघींचा खेळतानाचा व्हिडिओ काढला, ४ मिनिटांचा. नंतर माझ्याच समोर मोजला. मी ४३ वेळा बोलले होते. अनघा २ वेळा, आणि त्यातली एक शिंक होती. मला वाटायचं मी तिच्याशी किती छान बोलते! 'हे काय आहे? लाल कुठाय? गाय कशी करते? अगं सांग ना, तुला येतं ना?' पोलीस चौकशी बरी.

गाय कशी करते हे विचारणाऱ्याला माहीतच असतं ना? मग कशाला विचारायचं? तुमच्या व्याह्यांना कुणी पंगतीत विचारलं 'हे काय आहे, सांगा बरं? वरण!', तर ते ताटावरून उठतील. मुलं उठून जाऊ शकत नाहीत एवढंच.

पाहुण्यांना नियम सांगू नका. आम्ही एका वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मेसेज पाठवला होता, 'अनघाशी कसं वागावं'. सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि घरी आल्यावर घाबरून तिच्यापासून लांब बसले. पुढच्या वर्षी नियम दिले नाहीत, कामं दिली. जावेच्या मुलाला सांगितलं, आरतीला तिला टाळ हवेत की झांज ते तू विचार. दोन्ही तिच्यासमोर धर आणि मग तोंड बंद. एवढंच काम. त्याने केलं, कारण ते करण्यासारखं होतं.

'तोंड बंद' हा यातला अवघड भाग. माझे सासरे तीन मोजायच्या आत 'झांजच हवी असेल तिला' म्हणून मोकळे. दहा मोजा म्हटलं तर भरभर मोजायचे. मग त्यांना म्हटलं, मनात सावकाश तीनदा 'राम कृष्ण हरी' म्हणा आणि मग हवं तर बोला. वारकरी माणूस, तिथे मात्र घाई करता येईना. दुसऱ्या 'हरी'ला अनघाने टाळ ओढले. सासऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

'बिचारी' म्हणणाऱ्यांना मी एकच म्हणते, 'तिला ऐकू येतं हो.' हसत म्हणायचं. पुरतं.

वाचा आणि वेळ
मी ठाण्यात स्पीच थेरपिस्ट आहे, १७ वर्षं. दादूला न बघता उपचार सांगणार नाही. घरात करण्यासारखं आहे तेवढं लिहिते.

आधी एक विचारते. त्याची बेरा तपासणी झाली आहे का, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत नीट पोचतो का ते बघणारी? तुम्ही म्हणाल, माजघरातलं कुजबुजलेलं ऐकतो की! पण नवजात बाळाच्या तीव्र काविळीनंतर काही मुलांचा कान ठीक असतो आणि कानाकडून मेंदूकडे जाणारा मार्ग बिघडलेला असतो. अशा मुलांची ओएई, म्हणजे नुसत्या कानाची तपासणी, नॉर्मल येते, बेरा नॉर्मल येत नाही. त्यांना शांत घरात बरंच कळतं आणि गोंगाटात शब्द विस्कटतात. १९ माणसं, टाळ, झांजा. म्हणून विचारलं. झाली नसेल तर करून घ्या. झाली असेल तरी त्याला काही विचारायचं ते आरती संपल्यावर, समोर बसून.

समोर म्हणजे त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. उभ्याने बोललात तर त्याला मान वर करावी लागते, आणि या मुलांची मान वर गेली की हातपाय, जबडा, सगळं ताणलं जातं. त्याला टेकू देऊन नीट बसवा, पाय खाली टेकलेले. भरवतानाही हनुवटी किंचित खाली. मान मागे करून घास कधीच नाही.

आता मुख्य. तुम्ही लिहिलेला पाऊण तास मी रोज ऐकते, फक्त बुटांच्या जागी दुसरं काहीतरी असतं. घरचे अंदाज फेकत राहतात, पाणी? बिस्कीट? शू? आणि अंदाज संपले की मूल हट्टी ठरतं. अंदाज चुकतात त्यापेक्षा वाईट गोष्ट ही, की त्यांना क्रम नसतो. मुलाला कळत नाही की पुढे काय येणार, आपली पाळी कधी येणार. म्हणून क्रम बांधून द्या. आधी गट वाचायचे, सावकाश, दर वेळी त्याच क्रमाने: दुखतंय, खाणंपिणं, जागा, माणूस, वस्तू. प्रत्येकानंतर थांबायचं. त्याने ठरलेली एक खूण केली की तो गट पक्का. मग त्या गटातली नावं, पुन्हा तशीच. आणि शेवटी नेहमी 'यातलं काहीच नाही'. हे विसरू नका, नाहीतर मूल दिलेल्या चार पर्यायांत अडकून खोटं उत्तर देतं. आमच्या भाषेत याला पार्टनर-असिस्टेड स्कॅनिंग म्हणतात. यंत्र लागत नाही, समोरचा माणूसच यंत्र.

खूण कुठली हे दादू ठरवेल. ज्या हालचालीवर त्याचा सगळ्यात जास्त ताबा आहे ती. काहींची नजर, काहींचं कोपर, काहींची जीभ. नजर चांगली असेल तर अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक पाटी घ्या, चार कोपऱ्यांत चार चित्रं चिकटवा, आपल्या दोघांच्या मध्ये उभी धरा आणि पलीकडून त्याचे डोळे कुठल्या कोपऱ्यात जातात ते बघा. काच नको, फुटेल.

पुढे मोबाइल-टॅबवर बोलणारी अ‍ॅप आहेत. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो मोफत आहे. 'चित्रं दिली तर तो बोलायचा प्रयत्नच सोडेल' असं कुणीतरी म्हणेलच. तसं होत नाही. ज्या मुलांचं बोलणं यायचं असतं त्यांचं चित्रांमुळे थांबत नाही, उलट बऱ्याचदा थोडं वाढतं.

आणि काका, गप्प बसू नका! दोन भाषांनी मुलाचं बोलणं बिघडत नाही. आजोबांची भाषा तोडली तर मात्र आजोबा तुटतात. 'येस' आणि 'होय' दोन्ही त्याला कळतात, खूण एकच ठेवा म्हणजे झालं.

ता. क. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात लहान मुलांच्या लवकर उपचारांचं केंद्र, डीईआयसी, कुठे बसतं ते विचारा, गावी असताना उपयोगी पडेल. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्यात सेरेब्रल पाल्सी बसते, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात धरतात. सुनेला सांगा.

प्रूफवाला
मी जन्मापासून बहिरा आहे. वय ४६, पुण्यात एका छापखान्यात मुद्रितशोधन करतो. वरचं सगळं वाचलं. चांगलं आहे. एक भर घालतो.

आमच्या घरी ११ खुणा होत्या. जेव, झोप, आंघोळ, शाळा, पैसे, देव, पाहुणे, मार, ये, नको, गप्प. मला उपाशी ठेवलं नाही, मारलं कमी, दिवाळीला कपडे भावाच्या आधी मला. पण ११ खुणांत गप्पा होत नाहीत.

पंगतीत सगळे एकदम हसायचे. मी आईचा हात ओढून विचारायचो, काय झालं? आई हाताने करायची, नंतर सांगते. मला वाटायचं खरंच सांगेल. भांडी घासून होईपर्यंत मी स्वयंपाकघराच्या दारात उभा असायचो. ती विसरलेली असायची. तिची चूक नाही, १४ माणसांचा स्वयंपाक होता. आई २०१९ मध्ये गेली. तिची 'नंतर'ची यादी माझ्याकडे आहे अजून.

खरी भाषा मी शाळेच्या मधल्या सुट्टीत शिकलो, दुसऱ्या मुलांकडून. वर्गात हात हलवला की हातावर पट्टी. आता दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने व्हिडिओचा शब्दकोश केलाय, १० हजार शब्दांचा. माझी भाची त्यावरून शिकली. ती २२ वर्षांची आहे. घरातली पहिली व्यक्ती, जिने मला भावाच्या लग्नात काय भांडण झालं होतं ते सांगितलं. लग्न २००४ चं.

बाई, तुमच्या यादीत दुखतंय, खाणं, जागा, माणूस, वस्तू आहे. सगळ्या गरजा. दादूला चहाड्या करता आल्या पाहिजेत. त्याच्या यादीत 'काय झालं?' हे घाला. माझं ऐकाल तर पहिल्या तिनांत घाला.

वाचा आणि वेळ
घालते. आणि माझ्या सगळ्या मुलांच्या पाट्यांवर उद्याच घालते. १७ वर्षांत हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं.

निवृत्त वाहक
प्रूफवाले साहेब, तुमचं लिहिलेलं हिला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली.

मला एक आठवलं. माझ्या गाडीला एक मुका माणूस असायचा, बाजाराच्या दिवशी. चढला की दोन्ही पंजे जोडून पुलासारखी कमान करायचा. बावनदीचा पूल. मी तिकीट फाडायचो. एकदा कमान न करता गालावर हात ठेवला. दवाखाना. मी संगमेश्वरचं तिकीट दिलं. कधी चुकलो नाही. तेव्हा गाडीत ७० माणसं कोंबलेली असायची, तरी त्याच्याकडे बघायला मला सवड होती. नातवाकडे बघायला नव्हती का?

आणि बाई, तुम्ही ते क्रमाचं लिहिलंत ना, ते मी दोनदा वाचलं आणि हसायला आलं. कुवारबाव, हातखंबा, निवळी, बावनदी, वांद्री. ३१ वर्षं मी हेच केलं की! मी थांबे पुकारायचे, ज्याचा थांबा आला त्याने सांगायचं, मी बेल मारायची. फक्त आता बेल त्याच्या हातात द्यायची. बेरा झाली आहे, सुनेला विचारलं. डावा कान थोडा कमी आहे म्हणाली. मला हे आज कळलं. बघतो, गणपतीनंतर लिहितो.

निवृत्त वाहक
मंडळी, गणपती गेले, पाहुणे गेले, उंदीर परत आले. सांगितल्याप्रमाणे लिहितो.

बेल आधी. देवाची घंटा देणार नाही म्हणून हिने सांगितलं, ते बरोबरच. मग गोठ्यातली जुनी म्हशीच्या गळ्यातली घंटा काढली, चिंचेने घासली, माजघराच्या वाशाला टांगली. तिला नाडी बांधली, चड्डीतली असते ती, टोकाला मऊ फडक्याचा फास. दादूचं डावं कोपर त्यातल्या त्यात त्याचं ऐकतं. फास कोपरात. आमच्यात एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मी तोच नियम लावला, एक म्हणजे नाय, दोन म्हणजे होय. सपशेल फसलं. त्याला हसू आलं की हात उडतो आणि चार-पाच बेला पडतात. एवढ्या बेलांना ड्रायव्हरने काय समजायचं? शेवटी सुनेने पुण्याच्या थेरपिस्टना फोन केला. त्या म्हणाल्या, दोन खुणा नकोत, एकच. बेल म्हणजे 'हाच माझा थांबा'. नाही असेल तर काही करायचं नाही, गाडी पुढे. तसं केल्यावर जमलं.

कालनिर्णयच्या जुन्या पानामागे जाड पेनाने थांबे लिहून खांबाला लावले. दुखतंय. काय झालं. खाणंपिणं. जागा. माणूस. वस्तू. यातलं नाही. पाहुण्यांना भाषण दिलं नाही. आला पाहुणा की मी म्हणायचो, 'ह्या गाडीचा कंडक्टर आज तुम्ही, थांबे तिथे लिहिलेत.' पोरं तर रांग लावून. नाशिकच्या ताई, कामं द्या म्हणालात ते लागू पडलं. धाकट्या मुलाचा पोरगा, वय ८, अगदी माझ्यासारखा पुकारायला लागला, नाकातून.

आता मोठी आत्या. चतुर्थीच्या दुपारी मोदक भरवत होती. 'माझा राजा, माझा सोन्या, आ कर, शाब्बास.' बेल वाजली. मी ताट सोडून उठलो. दुखतंय, काय झालं, खाणंपिणं, जागा, माणूस. टण्ण. माणूस. आई, बाबा, आजी, मोठी आत्या. टण्ण. लेक खुश झाली, सगळ्यांकडे बघायला लागली. मी विचारलं, हवी? बेल नाही. मी तीनदा राम कृष्ण हरी म्हटलं. नको? टण्ण.

पंगत गप्प. मी काय केलं ते खरं सांगतो. मी म्हटलं, 'हात उडला असेल त्याचा, चुकून वाजली.' लेकीचा चेहरा बघवला नाही म्हणून. तेव्हा सून बोलली. ती माझ्यासमोर कधी आवाज चढवत नाही. 'अण्णा, परत विचारा.' परत पहिल्यापासून पुकारलं. परत तेच. माणूस, मोठी आत्या, नको.

लेक उठली आणि मागच्या पडवीत जाऊन बसली. 'मी काय वाईट केलं त्याचं?' संध्याकाळी आरतीला आली नाही. मला वाटलं, गेला हा गणपती. जावई माझ्याकडे बघेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागीलदारी लाकडं फोडत होतो तर माजघरातून तिचा आवाज आला. दादूच्या समोर जमिनीवर बसून पुकारत होती. तिने स्वतःचेच थांबे केले होते. 'माझा आवाज मोठा आहे ते? मोदक आवडत नाही ते? तोंड पुसते ते? मान वर करते ते?' टण्ण. शेवटच्यावर. बाई, तुम्ही लिहिलेली हनुवटीची गोष्ट मी सगळ्यांना वाचून दाखवली होती, तिला सोडून, कारण ती फुगेल म्हणून. त्यानंतर पाच दिवस तिनेच भरवलं, हनुवटी खाली धरून. आवाज काही कमी झाला नाही. दादूची त्याला हरकत नसावी.

प्रूफवाले साहेब, हे तुमच्यासाठी. गौरीजेवणाच्या दिवशी माझा एक जुना ड्रायव्हर आला होता. त्याने पंगतीत गाडीत कोंबडा सुटल्याची गोष्ट काढली. एक म्हातारी पिशवीतून कोंबडा नेत होती, तो निवळीच्या चढावर सुटला आणि याच्या खांद्यावर येऊन बसला, आणि याने तसाच गिअर टाकत गाडी वर नेली. सगळे हसून लोटपोट. बेल वाजली. धाकट्याचा पोरगा कंडक्टर होता. दुखतंय? काय झालं? टण्ण.

पंगतीत गलका एवढा होता आणि ड्रायव्हर दादूच्या डाव्या कानाच्या बाजूला बसलेला, त्यामुळे त्याला गोष्ट पोचलीच नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, 'नंतर सांगतो रे तुला.' मी आणि ही, दोघं एकदम ओरडलो, 'आत्ता!' तो दचकला. मग उठून दादूच्या उजव्या बाजूला येऊन पाटावर बसला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, म्हातारीच्या पिशवीपासून. सार निवलं, लोक थांबले. दादूचा हात उडून उडून अकरा-बारा बेला झाल्या आणि नाडी तुटली.

ती आधी पण एकदा तुटली होती. दिवाळीला परत येणार आहेत. टिकेल असं दुसरं काय बांधावं? नायलॉनची दोरी कोपराला काचते.

प्रूफवाला
सायकलच्या ब्रेकची वायर, वरच्या रबरी आवरणासकट. कोपराकडे तुमचा फडक्याचाच फास राहू द्या.

मी हे ऑफिसात वाचलं. कोंबड्याचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही.

निवृत्त वाहक
हातखंब्याला उतरला. म्हातारीच्या हातात. तिकीट मी घेतलं नाही त्याचं.